मे महिन्यातले 14 दिवस मोकळे कसे ठेवाल

मुलाच्या व्हेकेशन बॅचची (सुट्टीतल्या क्लासची) फी भरण्याआधी कॅलेंडर काढा आणि मे महिन्यातले सलग 14 दिवस पेनाने खुणा करून राखून ठेवा. या दिवसांत क्लास नाही, शिबिर नाही, शाळेचा प्रकल्पही नाही. दिवस सलगच हवेत. वर्षभर दुसऱ्यांनी आखलेल्या वेळापत्रकावर चाललेलं मूल पहिले तीन-चार दिवस नुसतं लोळतं, किरकिर करतं, "मी काय करू?" विचारत मागे मागे फिरतं. बहुतेक घरांत घोळ होतो तो इथेच. मूल कंटाळलं म्हणून पालक घाबरतात आणि समर कॅम्पचा फॉर्म भरतात, नाहीतर हातात मोबाइल देतात. थोडा धीर धरा. कॅरम, जुने खोके, सोसायटीतली पोरं हे सगळं त्या कंटाळ्यानंतरच सुचतं.

दहावीत जाणाऱ्यांसाठी क्लासला आधीच विचारा: मेमध्ये शिकवलेला भाग जूनमध्ये पुन्हा घेता का? दोन आठवडे बुडाले तर नोट्स मिळतील का? उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत पूर्ण फी भरू नका.

सुट्टीचा अभ्यास या 14 दिवसांनंतर, सकाळी नाश्ता झाल्यावर. किती, याला मोजमाप आहे: केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर 2 तास, सहावी ते आठवीला रोज फार तर 1 तास. शाळा उघडायच्या आठ दिवस आधी वह्या संपलेल्या असाव्यात.

ठाण्या-नवी मुंबईत मे महिन्यात दुपारी 12 ते 4 बाहेर पडू नये, घामानेच मुलं गळून जातात. तेव्हा पत्ते, वाचन, झोप. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे. पुस्तक मुलालाच निवडू द्या, मग ते तुमच्या मते "खालच्या इयत्तेचं" का असेना. सकाळी उपवन किंवा मासुंदा तलाव. येऊरच्या जंगलात बिबट्यांचा वावर आहे, तिथे उजाडल्यावर आणि मोठ्यांसोबतच जावं. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून असतील तर भरतीची वेळ बघून निघा: ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती आली की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. आणि घरी आल्यावर यावर निबंध लिहायला सांगू नका. फिरण्याचा गृहपाठ झाला की पुढच्या वेळी मूल यायचंच टाळतं.

झोप 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागते, 13 ते 18 च्या मुलांना 8 ते 10. सुट्टीत उशिरा उठू द्या. शेवटच्या आठवड्यात मात्र झोपायची आणि उठायची वेळ रोज 15-20 मिनिटांनी अलीकडे आणा. एकदम एका दिवसात आणली तर शाळेचा पहिला आठवडा चिडचिडीत जातो.

एक गोष्ट लक्षपूर्वक बघा. मार्चमध्ये रोज दुखणारं पोट सुट्टीत थांबलं आणि शाळा जवळ येताच पुन्हा दुखू लागलं, तर डॉक्टरांना दाखवाच, पण वर्गशिक्षकांनाही भेटून कोणत्या विषयाची, कोणाची भीती आहे ते शोधा. सुट्टीतही मूल गप्प राहत असेल, झोपत नसेल, जेवत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची 14416 ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते. त्याच दिवशी फोन करा.