व्हीगन आहारात प्रोटीन कमी पडतंय? या चुका टाळा

व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही न खाणं. दूध, दही, पनीर बंद केलं की घरातलं कुणीतरी विचारतंच, "मग प्रोटीनचं काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या डाळी-कडधान्यांच्या डब्यांत त्याचं उत्तरही आहे, पण बहुतेकांचं घोडं प्रमाणापाशी अडतं.

आधी आकडा पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. डाळी आणि धान्यांतलं प्रोटीन दुधातल्यापेक्षा थोडं कमी पचतं, त्यामुळे व्हीगन माणसाने किलोमागे एक ग्रॅम धरलेलं बरं, असं माझं मत आहे.

वरणावर सगळी भिस्त

ही सगळ्यात मोठी चूक. चार माणसांच्या घरात रोज किती तुरीची डाळ शिजते, ते एकदा वजनकाट्यावर मोजून पाहा. बहुतेक घरांत 100 ग्रॅमच्या आसपासच निघेल. कच्च्या डाळीत शेकडा 22 ग्रॅम प्रोटीन असतं, तेव्हा एकाच्या वाट्याला येतं जेमतेम साडेपाच ग्रॅम. वरण वाटीभर दिसतं, पण त्यात बरंचसं पाणीच असतं. दोन्ही वेळा वरण-भात जेवून "मी रोज डाळ खातो" म्हणणाऱ्याचं प्रोटीन कमी पडतं ते इथेच.

म्हणून हिशेब शिजलेल्या वाटीचा न करता कच्च्या मालाचा करा. माणशी रोज 100 ग्रॅम कोरडी डाळ आणि कडधान्यं पोटात गेली, तर निम्मी लढाई जिंकली. वरण घट्ट करा आणि जेवणात उसळीला मधली जागा द्या. मटकी, चवळी, मसूर, कोकणातले काळे वाटाणे, कडवे वाल, कुळीथ हे सगळं आपलंच आहे. कुळथाची पिठी किंवा बेसनाचं पिठलं तर वीस मिनिटांत होतं.

60 किलोच्या माणसाचा एक दिवस असा जुळवता येतो. सकाळी 50 ग्रॅम बेसनाची धिरडी (11 ग्रॅम प्रोटीन). दुपारी 100 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी (10) आणि 40 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (9). संध्याकाळी मूठभर फुटाणे (6). रात्री भात (4), 35 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (8) आणि शेंगदाण्याची चटणी (4). बेरीज 52 होते. त्यात ग्लासभर सोया दूध घातलं की साठीच्या जवळ पोचता. यात महागडा किनोआ कुठेही लागला नाही.

मोड आणले की प्रोटीन वाढतं, हा समज

वाढत नाही. मोड आल्यावर कडधान्य पाणी शोषून फुगतं, त्यामुळे 100 ग्रॅम मोडांत 100 ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा प्रोटीन बरंच कमी भरतं. मोड जरूर आणा, कारण पचन सुधारतं आणि सी जीवनसत्त्व वाढतं. पण वाटीभर मोडांची कोशिंबीर खाऊन प्रोटीनची चिंता मिटली, असं धरू नका.

गाईच्या दुधाऐवजी बदामाचं दूध

साध्या दुधाच्या ग्लासात 6 ते 8 ग्रॅम प्रोटीन असतं, सोया दुधात 7 च्या आसपास. बाजारच्या बदामाच्या दुधात ते बहुधा 1 ग्रॅमच असतं, नारळाच्या दुधातही नगण्य. चहाला ते चालेल, प्रोटीनसाठी मात्र सोयाच घ्या. पनीरच्या जागी टोफू वापरा. सुक्या सोया वडीत शेकडा 50 ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून रश्श्यात टाकली, तर 25 ग्रॅम वड्याही पुरतात.

शेंगदाण्यांत प्रोटीन शेकडा 25 ग्रॅम असलं तरी चरबी त्याच्या जवळपास दुप्पट असते. कूट आणि चटणी रोज खा, पण सगळा भार दाण्यांवर टाकलात तर आधी वजन वाढेल.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्यातून प्रोटीन जवळजवळ मिळतच नाही. त्या दिवशी वरीचा भात, दाण्याची आमटी आणि राजगिरा बरा.

प्रत्येक घासात डाळ-तांदळाची जोडी हवीच, ही धास्ती

प्रोटीन ज्या घटकांपासून (अमिनो आम्लांपासून) बनतं, त्यांतलं लायसिन धान्यांत कमी असतं आणि मेथिओनिन डाळींत. दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात हे खरं, पण एकाच ताटात हवीत असं नाही. सकाळी भाकरी आणि रात्री उसळ झाली तरी चालतं.

गॅस झाला म्हणून कडधान्यं सोडणं

एकदम प्रमाण वाढवलं की पोट कुरकुरतंच. सुरुवात मूग आणि मसुरीने करा. छोले, राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात हिंग-आलं घालून मऊ शिजवा. राजमा अर्धाकच्चा कधीही खाऊ नका, त्याने उलट्या-जुलाब होतात.

प्रोटीन पावडरच्या डब्यावरचा हिरवा ठिपका

हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाला मिळतो, आणि आपल्याकडे शाकाहारात दूध धरतात. व्हे आणि केसीन दोन्ही दुधापासून बनतात. घटकांची यादी वाचा, वाटाणा किंवा सोया प्रोटीन शोधा.

प्रत्येक थकव्याला प्रोटीन जबाबदार धरणं

केस गळतात, जिने चढताना दम लागतो, मुंग्या येतात, अशा वेळी आधी बी-12 जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. व्हीगन माणसाला बी-12 ची गोळी किंवा बी-12 मिसळलेले पदार्थ लागतातच. इडली-डोशाच्या आंबवलेल्या पिठावर विसंबू नका. जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही, तो तासाभराने प्या आणि उसळीवर लिंबू पिळा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.