वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला लोकलने कसं जायचं: ठाणे, कल्याण, मुंबई आणि पनवेलहून

वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला जाताना शेवटचा टप्पा सर्वांत सोपा आहे. केंद्र वाशी रेल्वे स्टेशनजवळच्या सेक्टर 30 च्या भागात आहे. स्टेशनबाहेर पडून सावकाश चाललात तरी दहा मिनिटांच्या आसपास दारात पोहोचता. लोक चुकतात ते त्याच्या बरंच आधी: ठाण्याच्या फलाटावर, तुर्भ्याला किंवा वडाळ्याला. ‘नवी मुंबईकडे जाते ना?’ एवढंच विचारून गाडीत चढलं की घोळ होतो, कारण नवी मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी वाशीला जात नाही.

आधी पत्ता पक्का करा. आमंत्रणावर नुसतं ‘सिडको’ लिहिलेलं असलं तर गोंधळ ठरलेला. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ; सिडको भवन बेलापूरला आहे, ते त्याचं मुख्य कार्यालय. तिथे प्रदर्शन नसतं. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सिडको नावाचा बस स्टॉपही आहे, त्यामुळे ठाण्यात कुणाला ‘सिडको कुठे?’ विचारलं तर तो तुम्हाला प्रामाणिकपणे भलतीकडे धाडेल. विचारताना ‘वाशी स्टेशनजवळचं एक्झिबिशन सेंटर’ असं पूर्ण विचारा आणि जोडीला रघुलीला मॉलची खूण सांगा.

ठाण्याहून

ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरची, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाची, लोकल थेट जाते. प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. गाड्या 9, 10 आणि 10अ या फलाटांवरून सुटतात आणि हे तिन्ही फलाट स्टेशनच्या पूर्वेकडच्या टोकाला आहेत. घोडबंदर, वर्तकनगर, लोकमान्यनगर या बाजूने येणारी टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस तुम्हाला पश्चिमेला सोडते, सॅटीसच्या म्हणजे स्टेशनसमोरच्या बसच्या उंच पुलावर किंवा त्याच्या आसपास. तिथून सगळे फलाट ओलांडून पलीकडे जायचं असतं. गर्दीच्या वेळी पुलावर माणूस पुढे सरकत नाही, म्हणून या चालण्याला दहा-बारा मिनिटं धरा. वयस्कर माणसं सोबत असतील किंवा हातात सामान असेल तर रिक्षा सरळ कोपरीच्या बाजूने, म्हणजे ठाणे पूर्वेला घ्या. बऱ्याच पायऱ्या वाचतात.

आता मुख्य गोष्ट. या तीन फलाटांवरून वाशीच्या गाड्या सुटतात, तशाच नेरूळच्या आणि पनवेलच्याही सुटतात. दिघागाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत सगळ्यांचा रस्ता एकच. तुर्भ्याच्या पुढे रूळ फुटतात. वाशीची गाडी सानपाड्याहून वाशीला जाते, नेरूळ-पनवेलची गाडी जुईनगरकडे वळते आणि वाशीला मुळीच जात नाही. फलाटावर गाडी उभी दिसली की धावत जाऊन पकडायची सवय इथे नडते. दोन सेकंद थांबा, इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनाचं नाव वाचा. ‘वाशी’ असेल तर बसा. पनवेलची गाडी आधी सुटत असेल आणि वाशीची बऱ्याच वेळाने असेल तरी पनवेलच्या गाडीत बसायला हरकत नाही, फक्त तुर्भ्याला उतरून मागून येणारी वाशी लोकल पकडायची.

तुर्भे निघून गेल्यावर चूक लक्षात आली तर घाबरू नका. जुईनगरला उतरा. तिथे हार्बरच्या, म्हणजे सीएसएमटी ते पनवेल मार्गाच्या, गाड्याही थांबतात. सीएसएमटीकडे (मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे) जाणारी लोकल घ्या: सानपाडा आणि मग वाशी, दोनच स्टेशनं. जुईनगर हुकलं तर नेरूळलाही हेच करता येतं. मात्र खिशातलं तिकीट ठाणे-वाशीचं असेल तर ते जुईनगर किंवा नेरूळला चालत नाही, कारण ती स्टेशनं त्या मार्गावर येत नाहीत. तपासनीस भेटला तर भाडं आणि वर किमान 250 रुपये दंड भरावा लागतो. चुकून गेलो हे कारण तिथे ऐकलं जात नाही.

कामाच्या दिवशी सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या गाड्या भरून जातात. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या कंपन्यांत जाणारी सगळी मंडळी याच गाड्यांत असतात. कोपरखैरण्यापर्यंत गाडी बरीच रिकामी होते आणि तुर्भ्यानंतर बसायलाही जागा मिळते. म्हणून चढल्यावर दारात अडकून राहू नका, आत सरका. ऐरोलीला उतरणाऱ्यांचा लोंढा दारात उभ्या नवख्या माणसाला सोबत घेऊनच उतरतो. प्रदर्शन दहाला उघडत असेल आणि पहिल्या तासातच पोहोचायची घाई नसेल, तर साडेदहानंतरची गाडी धरा.

वेळेचा हिशेब असा: ठाणे पश्चिमेला बसमधून उतरल्यापासून पुलाची बारा मिनिटं, गाडीची वाट पाहण्यात पंधरा, प्रवास तीस, वाशीला चालणं दहा. सगळं मिळून सवा तास धरा. घोडबंदरहून निघणाऱ्यांनी माजिवडा आणि कॅडबरी नाक्याची कोंडी वेगळी मोजावी.

कल्याण, डोंबिवलीहून

फास्ट लोकलने ठाण्याला या आणि तिथे गाडी बदला. कल्याणहून वाशीला थेट लोकल नाही. ठाण्याला उतरल्यावर पश्चिमेच्या गर्दीमागे जाऊ नका, उलट्या दिशेला, म्हणजे पूर्वेकडे पूल चढा. तिकीट सुरुवातीलाच थेट वाशीचं काढा. ठाण्यापर्यंतचं काढून तिथे पुन्हा रांगेत उभं राहण्यात वीस मिनिटं सहज जातात.

मुंबईहून

सीएसएमटीला हार्बरच्या गाड्या 1 आणि 2 नंबरच्या फलाटावरून सुटतात. वाशी, बेलापूर किंवा पनवेल यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी ती गाडी वाशीला थांबते. ज्यांवर वांद्रे, अंधेरी किंवा गोरेगाव लिहिलेलं असतं त्या गाड्या वडाळा रोडनंतर पश्चिमेला वळतात. चुकून तशा गाडीत बसलात तर वडाळा रोडला उतरा आणि मागची पनवेल किंवा वाशी लोकल घ्या. सीएसएमटीहून वाशीला पन्नास मिनिटांच्या आसपास लागतात. मानखुर्दनंतर ठाण्याच्या खाडीवरचा पूल येतो आणि पूल संपला की पुढचं स्टेशन वाशीच. त्यामुळे खाडी दिसली की सामान आवरून दाराकडे सरका.

दादरला हार्बर लाइन नाही. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला मध्य रेल्वेची गाडी घेऊन कुर्ल्याला उतरावं. कुर्ल्याला हार्बरचे फलाट 7 आणि 8. तिथून वाशी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. अंधेरी, वर्सोव्याच्या बाजूने येणार असाल तर मेट्रो 1 ने घाटकोपरला या, मध्य रेल्वेच्या स्लो लोकलने सीएसएमटीच्या दिशेला दोन स्टेशनं मागे कुर्ल्याला जा आणि तिथून हार्बर घ्या. नकाशात हा उलटा फेरा वाटतो, पण पावसाळ्यात किंवा शुक्रवारी संध्याकाळी रस्त्याने येण्यापेक्षा वेळेचा भरवसा जास्त.

पनवेल, उरण, कोकण आणि पुणे

पनवेलहून सीएसएमटीकडे जाणारी कोणतीही हार्बर लोकल वाशीला थांबते. वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. इथेही ठाण्याची गाडी नको, ती जुईनगरहून तुर्भ्याकडे निघून जाते. कोकणातून येणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात, तिथेच उतरलेलं बरं. उरणहून येणाऱ्यांनी नेरूळ किंवा बेलापूरला हार्बर पकडावी. पुण्याहून दादरला जाणारी बस सायन-पनवेल महामार्गाने वाशीवरूनच जाते. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा. महामार्गावर उतरल्यावर स्टेशनच्या बाजूला यायचं असेल तर पादचाऱ्यांसाठी केलेल्या मार्गानेच या. तिथे गाड्यांचा वेग असा असतो की रस्ता सरळ ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

नवी मुंबई मेट्रोचा इथे उपयोग नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेली मार्गिका बेलापूर ते पेंधर अशी धावते, वाशीला येत नाही. खारघर-तळोज्याच्या आतल्या सेक्टरांत राहणाऱ्यांना मात्र ती बेलापूर स्टेशनपर्यंत आणून सोडते आणि पुढे हार्बर आहेच.

एनएमएमटी (नवी मुंबई महापालिका) आणि बेस्टच्या बसही वाशीला येतात. बसने येताना पाटीवर ‘वाशी स्टेशन’ आहे की ‘वाशी बस डेपो’, हे पाहा. डेपो महामार्गाच्या पलीकडे शहराच्या आत आहे, तिथून केंद्र लांब पडतं.

रविवार आणि पावसाळा

प्रदर्शनं बहुधा शनिवार-रविवारी असतात आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवणं, तेही रविवारीच असतं. ब्लॉक सकाळी अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो, म्हणजे नेमक्या भेट देण्याच्या वेळेत. ब्लॉकची बातमी शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रांत येते. ती वाचताना ‘हार्बर’ आणि ‘ट्रान्स-हार्बर’ हे शब्द नीट पाहा. हार्बरवर ब्लॉक असला तर मुंबईकरांनी मेन लाइनने (सीएसएमटी-दादर-कुर्ला-ठाणे मार्गाने) ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरने वाशी गाठावी. अशा वेळी हार्बरच्या प्रवाशांना ठाणेमार्गे जाण्याची मुभा दिली जाते, तसं त्या घोषणेत लिहिलेलं असतं. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल तर ठाणेकरांनी उलटं करायचं: कुर्ल्याला जाऊन हार्बर घ्यायची. शक्य असेल तर दहाच्या आत वाशीला उतरा आणि परतीला पाचनंतर निघा. मग ब्लॉक असला-नसला तरी तुमचं अडत नाही.

पावसाळ्यात जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की कुर्ला, चुनाभट्टी, टिळकनगर या सखल पट्ट्यात रुळांवर पाणी साचतं आणि हार्बर थांबते. त्या दिवशीही ठाणे-वाशी मार्ग बऱ्याचदा चालू असतो, कारण तो या भागातून जातच नाही. मुंबईत अडकलात तर हे लक्षात ठेवा, अर्थात मेन लाइन ठाण्यापर्यंत चालू असेल तर.

तिकीट आणि सामान

जाताना रिटर्न तिकीट काढा. संध्याकाळी प्रदर्शन सुटतं त्याच वेळी आसपासची ऑफिसंही सुटतात आणि वाशीच्या खिडक्यांसमोर रांगा लागतात. मोबाइलवर रेल्वेच्या रेल्वेवन अॅपने तिकीट काढायचं असेल तर घरून निघताना अॅपच्या खात्यात पैसे भरून ठेवा. ऐनवेळी पेमेंट अडकतं ते स्टेशनातच. फलाटावर पोहोचल्यावर तिकीट काढायला जाऊ नका. तपासनीसाला तिकीट अॅपमध्येच उघडून दाखवायचं असतं, स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून फोनची बॅटरी जपा. बाहेरगावच्या पाहुण्यांना एक सांगून ठेवा: डब्याच्या बाजूला तिरपे पट्टे असतील तर तो फर्स्ट क्लास, साध्या तिकिटावर त्यात चढायचं नाही.

स्टॉल लावणाऱ्यांनी खोके, स्टँडी, बॅनरच्या गुंडाळ्या घेऊन साध्या डब्यात शिरू नये. लगेजचा डबा वापरा. तो कुठे येतो ते फलाटावरच्या खुणांवरून आधी पाहून तिथेच उभे राहा, कारण गाडी फार वेळ थांबत नाही. एका माणसाने दोन हातांत मावेल एवढंच न्यावं. त्याहून जास्त असेल तर आदल्या दिवशी टेम्पोने पाठवलेलं बरं.

वाशीला उतरल्यावर

स्टेशन पसरलेलं आहे, बाहेर पडायच्या वाटाही अनेक आहेत. फलाटावरून भुयारी मार्गात उतरा आणि कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते वर येण्याआधीच तिथल्या दुकानदाराला विचारा. चुकीच्या बाजूने वर आलात तर इमारतीला वळसा घालावा लागतो आणि भर दुपारी उन्हात तो नकोसा होतो. इतक्या जवळच्या अंतराला रिक्षावाले सहसा तयार होत नाहीत. मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 26 रुपये आहे. तेवढ्या अंतरासाठी कुणी शंभर मागत असेल तर सरळ पुढे चाला.

परतीला ठाणेकरांना एक सोय आहे: ठाण्याची लोकल वाशीहूनच सुटते, त्यामुळे गाडी लागताच चढलात तर बसायला मिळतं. ठाण्याची गाडी लवकर नसेल तर पनवेलकडे जाणाऱ्या लोकलने दोन स्टेशनं पुढे जुईनगरला जा आणि तिथे पनवेलहून ठाण्याला जाणारी गाडी पकडा. तुर्भ्यापुढे ती वाशीच्या गाडीसारखीच धावते. फक्त त्या वळशाचं तिकीट आधी काढा. रात्रीचा कार्यक्रम असेल तर आपल्या दिशेची शेवटची गाडी कधीची आहे ते एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अॅपवर दुपारीच पाहून ठेवा आणि तिच्या आधीची गाडी आपली समजा.