गळाची गांडुळं तळ्यावर पोचायच्या आधीच मरतायत? या चुका टाळा

सकाळी डब्यात चांगली वळवळणारी गांडुळं सोलापूरजवळच्या हिप्परगा तळ्यावर पोचून गळ टाकेपर्यंत मऊ पडतात, वास मारायला लागतात आणि आपण दोष देतो उन्हाला. ऊन आहेच की, एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या पुढं जातो आपल्याकडं, पण खरं बघितलं तर बरीच गांडुळं गुदमरून मरतात. गांडुळाला फुप्फुस नसतं, ते ओल्या कातडीतनं श्वास घेतं, म्हणजे कातडी सुकली तरी मेलं आणि कोमट साचलेल्या चिखलात हवा कमी पडली तरी मेलं.

म्हणून डब्यात पाणी ओतू नका. मूठभर माती दाबून बघा, गोळा झाला पाहिजे पण बोटातनं थेंब गळता कामा नये. आणि नुसती काळी माती तर भरूच नका, ती भिजली की चिकट लगदा होतो, आत हवाच जात नाही. तिच्यात कुजलेला पाला, कोकोपीट नाहीतर जुनं वाळलेलं शेण कुस्करून मिसळा. ताजं शेण नको, ते आतल्या आत तापतं. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, रात्रभर उघडं ठेवून मग शिंपडा.

डबा गाडीच्या डिकीत ठेवणं ही दुसरी मोठी चूक, वरनं ऊन, खालनं इंजिनची धग आणि हवा बंद. उजनीपर्यंतचा प्रवास असेल तर काही शिल्लकच राहत नाही. प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा मातीचं गाडगं घ्या, तोंडाला सुती फडकं बांधा आणि भोवती ओलं किलतान (गोणपाट) किंवा जुना टॉवेल गुंडाळा. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं पाणी भराभर उडतं आणि गाडगं गार राहतं, फक्त टॉवेल सुकू द्यायचा नाही. तळ्यावर गेल्यावर बाभळीच्या सावलीत ठेवा, आणि सावली सरकते तसं गाडगंही सरकवा.

बर्फ थेट मातीवर टाकू नका, वितळून चिखलच होतो. गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, बास.

फ्रिजचं मात्र जपून. परदेशी व्हिडिओत सर्रास फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, ते त्यांच्या थंड मुलखातल्या गांडुळांना चालतं. आपण गांडूळखतवाल्याकडनं आणतो ती बऱ्याचदा आफ्रिकन युड्रिलस जातीची असतात, जाड, लांब, जांभळट, त्यांना फ्रिजची थंडी सोसत नाही, रात्रीत मरून पडतात. ती घरात मोरीच्या गार कोपऱ्यात ठेवा.

अजून एक, तंबाखू-चुना मळलेला किंवा भडंग खाल्लेला खारट हात डब्यात घालायचा नाही. चुना आणि मीठ त्यांच्या कातडीला भाजतं. हात आधी तळ्याच्या पाण्यात धुवा.

आणि मधनंमधनं माती उकरून बघत जा, मेलेलं दिसलं की लगेच बाहेर, एक सडलं की बाकीच्यांना बाधतं. डबा उघडला आणि आंबूस वास आला तर माती पूर्ण बदला, वरनं पाणी मारून काही उपयोग नाही.