नवअभिजात शैलीत शाईने मिनर्व्हा कशी रेखाटावी

मिनर्व्हा ही रोमन लोकांची बुद्धीची, हस्तकलांची आणि युद्धनीतीची देवता. नवअभिजात शैलीत, म्हणजे अठराव्या शतकात प्राचीन ग्रीक-रोमन कलेच्या धर्तीवर घडलेल्या युरोपीय शैलीत, तिला काढायचे तर छटांचा मोह सोडावा लागतो, सगळी भिस्त बाह्यरेषेवर. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने १७९०च्या दशकात रोममध्ये होमरच्या काव्यांवर केलेली रेखाचित्रे आधी निरखून पाहा. ग्रीक मृत्पात्रांवरच्या आकृतींचा संस्कार त्यांत स्पष्ट दिसतो.

ए-३ आकाराचा गुळगुळीत, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद, २एच ही कडक शिशाची पेन्सिल, टाक, बारीक लवचीक निब आणि वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक एवढे साहित्य पुरते.

आकृती ३२ सेंमी उंच धरा, म्हणजे ४ सेंमीच्या डोक्याच्या आठपट. शिरस्त्राणाच्या तुऱ्यासाठी वर ३ सेंमी वेगळे सोडा. भार उजव्या पायावर द्या. उजवा नितंब वर जाईल, उजवा खांदा खाली येईल. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा उजव्या पावलावर पडलाच पाहिजे, नाहीतर देवी कलंडल्यासारखी दिसते. डावा हात उंच, त्यात भाला. उजव्या पायाशी ढाल. चेहरा एका बाजूने दाखवा. कपाळ आणि नाक जवळपास एकाच सरळ रेषेत हवे.

खरी परीक्षा वस्त्राची. झाक-लुई दाविद या फ्रेंच नवअभिजात चित्रकारासारखे कलावंतही आधी विवस्त्र आकृती बेतून मग तिच्यावर वस्त्र चढवत. ही पायरी गाळू नका. भाराच्या पायावरून चुण्या खांबावरच्या खाचांसारख्या सरळ उतरतात. मोकळ्या पायाच्या मांडीवर कापड चिकटते, तिथे रेषा जवळजवळ नकोतच. प्रत्येक चुणी खांद्यावरच्या पिनेपासून, कंबरपट्ट्यापासून किंवा गुडघ्यापासून निघते. हे ताणाचे बिंदू चुकले की शेवया लोंबल्यासारख्या दिसतात.

नव्या निबेवर तेलाचा थर असतो. साबणाच्या पाण्याने तो पुसला नाही तर शाई धरत नाही. निब अर्धीच बुडवा. रेषा आपल्याकडे ओढा, त्यासाठी कागद फिरवा. सुरुवातीला किंचित दाब, शेवटी हात अलगद उचला. थांबायचेच असेल तर दोन आकार एकमेकांवर येतात तिथे थांबा. मोकळ्या गालावर किंवा दंडावर जोड लपत नाही. तळहाताखाली कोरा कागद ठेवा, कारण हाताचा तेलकटपणा लागलेल्या जागी शाई तुटते. फार खोडलेल्या जागी कागदाचे तंतू सुटून शाई पसरते, म्हणून पेन्सिल हलकीच चालवा.

पेन्सिलीच्या खुणा दुसऱ्या दिवशी पुसा. डाग पडलाच तर पूर्ण सुकू द्या, ब्लेडने अलगद खरवडा आणि वर पातळ कागद ठेवून नखाने घोटा.