खोल समुद्रात जाण्याआधी यॉट आणि क्रू कसे तयार करावेत

किनारा दिसेनासा झाला की बोटीवर जे बिघडेल ते तुम्हालाच दुरुस्त करावं लागतं. तेही ओल्या, हलत्या आणि बहुतेकदा अंधाऱ्या जागेत. म्हणून तयारी म्हणजे यादीतलं सामान आणून भरणं, हा समज आधी सोडा. सामान लागतंच, पण जी वस्तू हाताळून पाहिली नाही ती बोटीवर नाहीच असं धरून चाला. निघायच्या तारखेआधी तीन-चार महिने तरी हाताशी ठेवा. किल (तळाखालचा वजनदार पंखा) आणि डोलकाठीची कामं घाईत धड होत नाहीत.

सुरुवात नियमांपासून

शिडाच्या शर्यतींची जागतिक संघटना म्हणजे वर्ल्ड सेलिंग. तिची ‘ऑफशोअर स्पेशल रेग्युलेशन्स’ डाउनलोड करून घ्या, शर्यतीत उतरणार नसाल तरीही. त्यात शर्यतींचे वर्ग आकड्यांनी पाडलेत: ० म्हणजे महासागर ओलांडणारी, १ म्हणजे किनाऱ्यापासून खूप दूर जाणारी, आणि आकडा वाढेल तसा किनारा जवळ. आपला प्रवास कोणत्या वर्गात बसतो ते ठरवा आणि त्या वर्गाची यादी छापून चार्ट टेबलाशी टांगा.

हे नियम वाचायला रटाळ आहेत, पण त्यातल्या बऱ्याच कलमांमागे एखादा अपघात आहे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी उतरल्या होत्या. वादळात १५ स्पर्धक गेले आणि २४ बोटी क्रूने सोडून दिल्या. त्यांतल्या ५ बुडाल्या; उरलेल्या १९ नंतर तरंगत असलेल्या सापडल्या. बोट सोडून जीवरक्षक तराफ्यात कधी उतरायचं याचं उत्तर या दोन आकड्यांतच आहे: बोट खरोखर पायाखालून जात असेल तेव्हाच.

पाणी बाहेर ठेवा

बोट पाण्याबाहेर काढा आणि किलपासून सुरुवात करा. किल आणि तळ जिथे जुळतात त्या रेषेवर बारीक भेग, गंजाचा ओघळ किंवा सतत ओलसर राहणारी जागा आहे का ते पाहा. मग आत जाऊन फरशीच्या फळ्या उचला. किलचे बोल्ट आणि आतला सांगाडा तळाला नीट चिकटलेला आहे का ते जाणकाराकडून तपासून घ्या. शर्यतीच्या आधीच्या २४ महिन्यांत ही तपासणी झालेली असावी, आणि बोट कधी तळाला घासली असेल तर त्यानंतर पुन्हा व्हावी, असं नियम सांगतो. २०१४ मध्ये अटलांटिक महासागरात ‘चीकी राफिकी’ या बोटीची किल सुटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. आधी बसलेले धक्के आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी जोड कमकुवत झाला असावा, असं तपासात निघालं. ‘जरा घासली होती, काही झालं नाही’ असं बोटीचा मालक म्हणाला तर त्यावर विसंबू नका.

तळातून जाणारा प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने बंद करून पुन्हा उघडा. जो अडतो तो बदला. प्रत्येकाशेजारी त्याच मापाचं मऊ लाकडाचं बूच दोरीने बांधून ठेवा. खाली उतरायच्या दाराच्या फळ्यांनाही दोरी हवीच: फास्टनेटमध्ये बोटी आडव्या झाल्यावर काही ठिकाणी या फळ्या निसटल्या आणि पाणी थेट आत आलं.

बिल्ज म्हणजे तळाशी पाणी साचण्याची जागा. ती उपसायला हाताने चालणारे दोन पंप लागतात. त्यांतला एक सगळी हॅचं (डेकवरची झाकणं) बंद असताना डेकवरून चालवता आला पाहिजे, दुसरा खालून. शिवाय किमान ९ लिटरच्या दोन मजबूत, दोरी बांधलेल्या बादल्या. आता बिल्जमध्ये खरोखर पाणी ओता आणि पंप मारा. पहिल्या पाच मिनिटांत कळेल की आत काय काय साठलंय: लाकडाचा भुसा, केबल बांधायच्या पट्ट्यांचे तुकडे, केस. खाण्याच्या डब्यांवरची कागदी लेबलं तर हमखास त्रास देतात. ती भिजून सुटतात आणि पंपाच्या तोंडाशी लगदा होऊन बसतात. लेबलं आधीच काढून टाका आणि आत काय आहे ते झाकणावर मार्करने लिहा.

सुकाणूचं पातं खालून दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड ऐकू आली तर बेअरिंग पाहायला हवं. चाक असलेल्या बोटीवर आपत्कालीन टिलर (सुकाणू वळवायचा दांडा) बसवून निदान तासभर बोट चालवा. तो कुठे ठेवलाय आणि तो बसवायला कोणतं झाकण उघडावं लागतं हे प्रत्येकाला अंधारात सांगता आलं पाहिजे. सुकाणूच गेलं तर काय, याचीही एक पद्धत प्रत्यक्ष करून पाहिलेली हवी. मागून दोन दोरांवर ड्रोग (पाण्यात ओढला जाणारा अडसर) सोडून, एकेक दोर आवळत-सैल करत बोटीची दिशा राखणं हा सरावाने जमणारा मार्ग आहे.

डोलकाठी, शिडं आणि इंजिन

डोलकाठीवर कोणीतरी चढलंच पाहिजे. दुर्बिणीने भागत नाही. ताणाच्या तारांची टोकं जिथे दाबून बसवलेली असतात तिथे केसासारख्या भेगा पडतात. तारेवरून टिश्यू पेपर फिरवा, तुटलेला एखादा तंतू असेल तर तो कागद पकडतो. सगळ्या स्प्लिट पिना वाकवून त्यावर टेप गुंडाळा. तारांना दहाएक वर्षं झाली असतील तर त्या बदलण्याचा खर्च धरूनच प्रवासाचा हिशेब मांडा. डोलकाठी मोडलीच तर तारा कापायचं साधन वर, हाताशी असावं.

वादळी शिडं बहुतेक बोटींवर पिशवीतून कधी बाहेरच येत नाहीत. स्टॉर्म जिब म्हणजे वादळात पुढे चढवायचं शीड. त्याचं क्षेत्रफळ डोलकाठी, पुढची तार आणि डेक यांच्यामधल्या त्रिकोणाच्या उंचीच्या वर्गाच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावं, म्हणजे शीड किती लहान असतं याची कल्पना येईल. २०-२५ नॉट (तासाला इतके सागरी मैल) वाऱ्यात ते एकदा चढवा. शीट (शीड आवळायचा दोर) कुठून न्यायची, पुली कुठे ठेवायची ते ठरवून डेकवर खूण करा. ४५ नॉटमध्ये हे शोधत बसता येत नाही.

इंजिनाबद्दल एकच गोष्ट, कारण तीच पुनःपुन्हा घडते. बंदरात ते सुरळीत चालतं. बाहेर लाटांवर टाकी घुसळली की तळाचा गाळ वर येतो, डिझेल फिल्टर तुंबतो आणि नेमकं गरजेच्या वेळी इंजिन बंद पडतं. टाकी आतून साफ करून घ्या, अर्धा डझन फिल्टर सोबत ठेवा आणि फिल्टर बदलून हवा काढण्याचं काम क्रूमधल्या दोघांना तरी शिकवा.

माणसं बोटीवर ठेवा

लाइफ जॅकेट किमान १५० न्यूटन तरंगशक्तीचं, जांघेतल्या पट्ट्या, दिवा आणि चेहऱ्यावरचा हुड असलेलं हवं. पट्ट्या नसतील तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. जॅकेट फुगवणारं गॅसचं नळकांडं हादऱ्यांनी सैल होतं. ते हाताने घट्ट करा आणि त्याचं वजन त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. तोंडाने फुगवून रात्रभर ठेवलेलं जॅकेट सकाळी तसंच असलं पाहिजे.

टेदर म्हणजे माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा. त्याकडे जास्त लक्ष द्या. २०१७ मध्ये एका जगप्रदक्षिणा शर्यतीत टेदरचा हुक डेकवरच्या क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंटीखाली) अडकला, त्यावर आडवा ताण आला, हुक वाकून सुटला आणि तो खलाशी वाचला नाही. हुक सरळ रेषेतल्या ओढीसाठी बनवलेला असतो. आडव्या ताणाला तो टिकत नाही. म्हणून जॅकस्टेची पट्टी (जिला टेदरचा हुक लावतात) कॉकपिटपासून पुढच्या टोकापर्यंत लावताना हुक कुठेही क्लीट, पुली किंवा ट्रॅकमध्ये अडकणार नाही असा मार्ग निवडा. मग टेदर लावून डेकवर आडवे व्हा आणि कठड्याबाहेर किती जाता येतं ते पाहा. टेदरच्या दोन मीटरच्या फाट्यावर माणूस बाहेर लोंबकळून पाण्यात फरफटू शकतो. एक मीटरचा फाटा त्याला आतच ठेवतो. हुक जिन्यावरून वर येण्याआधीच लावायचा आणि खाली उतरल्यावरच काढायचा.

मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा, म्हणजे बूम, हीही जीव घेते. २०२४ च्या सिडनी–होबार्ट शर्यतीत दोन वेगवेगळ्या बोटींवर दोघे बूम आणि मेनशीट (मुख्य शिडाचा दोर) यांच्या तडाख्यात गेले. वारा मागून असताना प्रिव्हेंटर (बूम अचानक पलटू न देणारा दोर) लावायचाच, आणि मेनशीटच्या टप्प्यात कोणी बसायचं नाही.

कोणी पाण्यात पडलंच, तर ६ नॉट वेगाने बोट एका मिनिटात साधारण १८५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणून एकाने फक्त हाताचं बोट त्याच्याकडे रोखून त्याच्यावर नजर ठेवायची, एकाने जीपीएसचं बटण दाबायचं आणि सुकाणूवाल्याने लगेच बोट वाऱ्याकडे वळवून थांबवायची. फेंडरला (बोटीच्या कडेला टांगायच्या फुगीर उशीला) बादली बांधून ते पाण्यात टाका आणि सराव करा. स्पिनेकर (मागच्या वाऱ्यातलं मोठं फुगीर शीड) वर असताना करा, रात्रीही करा. पण शोधून काढण्यापेक्षा वर घेणं अवघड जातं. भिजलेला, थंडीने हात न चालणारा माणूस कोणी हाताने उचलू शकत नाही; हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) आणि विंच (दोर गुंडाळून ओढायचं साधन) लागतं. हा सराव कप्तानाला बाजूला बसवून, अंगाने सर्वांत लहान असलेल्या दोघांकडून करून घ्या. पडणारा कप्तानही असू शकतो.

४०६ मेगाहर्ट्झचं ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं यंत्र) तुमच्या बोटीच्या नावावर नोंदवलेलं आणि बॅटरीची मुदत शिल्लक असलेलं हवं. व्हीएचएफ रेडिओचा मुख्य अँटेना डोलकाठीच्या टोकावर असतो, म्हणजे काठीबरोबर तोही जातो. सुटा अँटेना आणि हातातला वॉटरप्रूफ संच वेगळा ठेवा. तराफा १५ सेकंदांत कठड्यापर्यंत पोचला पाहिजे. घड्याळ लावून ओढून पाहा. १ आणि २ वर्गांच्या शर्यतीत कप्तान धरून किमान ३० टक्के क्रूने, आणि दोघांहून कमी नाही, गेल्या पाच वर्षांत समुद्रावर जीव वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. माझ्या मते सगळ्यांनीच घ्यावं. पोहण्याच्या तलावात उलटलेला तराफा सरळ करताना जे कळतं ते वाचून कळत नाही.

पाळ्या, पाणी, पोट

चार तास जागं, चार तास झोप ही पाळी बहुतेकांना जमते. माणसं जास्त असतील तर तीन गट करा. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन लिटर धरा आणि ते एकाच टाकीत ठेवू नका. समुद्र लागण्याची गोळी निघण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करा. पण त्याआधी जमिनीवर एकदा घेऊन पाहा, कारण काही गोळ्यांनी माणूस झोपाळतो.

मग रंगीत तालीम. एक पूर्ण रात्र धरून दीड दिवसाची फेरी करा, सगळ्या क्रूसह आणि पूर्ण सामानासह. परत आल्यावर दोषांची यादी मोठी असेल: गळणारं हॅच, हेडलॅम्पच्या उजेडाने डोळे दिपवणारा सोबती, झुकलेल्या बाजूला पडून न राहता येणारा बंक (झोपायची फळी). ती यादी संपवायला पंधरवडा तरी हवा.

निघायचं की नाही

हवामानाच्या अंदाजातला वाऱ्याचा आकडा सरासरीचा असतो. झोत त्याहून ४० टक्के जोरदार येऊ शकतात आणि एखादी लाट सांगितलेल्या उंचीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे मर्यादा बंदरातच, शांत डोक्याने लिहून ठेवा: किती वाऱ्यात तिसरा रीफ (मुख्य शीड तिसऱ्या टप्प्यापर्यंत लहान करणं), किती वाऱ्यात मुख्य शीड पूर्ण खाली, कोणत्या टप्प्यापर्यंत मागे वळता येईल आणि त्यानंतर कोणतं बंदर. १९९८ च्या सिडनी–होबार्टमध्ये ११५ बोटी निघाल्या, ४४ पोचल्या, सहा जणांचा जीव गेला. शर्यत सुरू करायची की चालू ठेवायची याची जबाबदारी नियमांनुसार पूर्णपणे बोटीची असते, आयोजकांची नाही. माघार घेतली तर मात्र ते आयोजकांना तातडीने कळवा, नाहीतर सुखरूप बंदरात असलेल्या बोटीचा शोध सुरू होतो.

किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे कागद ठेवून जा. त्यावर बोटीचं नाव, रंग, शिडाचा क्रमांक, ईपर्बचा क्रमांक, सगळ्यांची नावं आणि औषधं, ठरलेला मार्ग, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव केंद्राला फोन करायचा ती वेळ. त्याच्या फोनमध्ये त्या केंद्राचा नंबर तुमच्यासमोर भरून घ्या.