पावसाआधी कौलं परतताना

आंबे उतरून झाले, रोहिणी निघायला आल्या की घर शाकारायला घ्यायचं, असा आमच्याकडे ठरलेला हिशेब होता. मृग 7-8 जूनला, तोवर वेळच वेळ. हा हिशेब आता सोडून द्या. 2021 साली तौक्ते वादळ 16 मे रोजीच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत घोंघावत होतं, आणि 2025 मध्ये मोसमी पाऊस 25 मेला तळकोकणात हजर झाला. तेव्हा एप्रिलच्या शेवटी हात घाला आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात काम उरका. गडीही याच दिवसांत मिळतात. नंतर सगळ्या वाडीला एकदम आठवण होते.

आधी वर चढू नका

सगळं छप्पर उसकटून पुन्हा लावायची दरवर्षी गरज नसते. उलट त्या खटाटोपात चांगलीच कौलं जास्त फुटतात. आधी गळती शोधा, तीही घरात राहून. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्या आणि मान वर करून खोली-खोली फिरा. फट असेल तिथून कवडसा येतो. तिथल्या वाशावर खडूने खूण करा.

कवडसा न दिसता गळणाऱ्या जागाही असतात. त्यासाठी वाशांवरचे, भिंतीवरचे गेल्या वर्षीचे ओघळ बघा. मात्र ओघळाच्या डोक्यावरचं कौल सहसा दोषी नसतं. पाणी फुटक्या कौलातून रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्टीवर, उतरतं, वाशाच्या अंगाने खाली सरकतं आणि एखादी गाठ किंवा जोड आडवा आला की तिथे टपकतं. म्हणून ओघळापासून आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे, नजर नेत जा. खरी जागा हात-दोन हात वर असते, कधी त्याहूनही लांब. आमच्या पडवीतली एक गळती आम्ही तीन पावसाळे चुकीच्या जागी दुरुस्त करत होतो.

हातात बॅटरी घेऊन रिपाही वाजवून घ्या. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर टणक आवाज आला तर ठीक. आवाज भद्द आला, भुसा गळला, तर वाळवी किंवा भुंगा लागलाय. पोफळीच्या रिपा आतून पोखरल्या तरी बाहेरून धडधाकट दिसतात. अशी रीप आधी बदला, मगच वर माणूस चढवा.

सामान

मंगलोरी कौलं सगळी एका मापाची नसतात. बासेल मिशन या मिशनरी संस्थेने 1865 साली मंगळुरात पहिला कारखाना काढला. पुढे असे कितीतरी निघाले आणि त्यांची मापं, खाचा वेगवेगळ्या झाल्या. तेव्हा दुकानात जाताना घरचं एक जुनं कौल पिशवीत घालून न्या आणि नव्याची खाच त्यावर बसते का ते पाहा. नखाएवढा फरकही वाऱ्याच्या पावसात महागात पडतो. बोटाने वाजवल्यावर कौल खणखणीत बोललं पाहिजे. कोणाच्या पडक्या घराची त्याच मापाची कौलं मिळत असतील तर मी नवी सोडून तीच घेतो. लागतील त्याहून वीस-पंचवीस जास्त आणा. माकडं काही पावसाळ्याची सुट्टी घेत नाहीत.

परसात रचलेल्या जुन्या कौलांत थेट हात घालू नका. आधी काठीने हलवा, जाड हातमोजे घाला. तिथे फुरशासारखा विषारी साप असतो, विंचू असतो. यापैकी काहीही चावलं तर मंत्र-उतारे करत बसू नका, तडक ग्रामीण रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तांबड्या विंचवाच्या विषावर प्राझोसिन लागू पडतं हे दाखवून दिल्यापासून कित्येक जीव वाचलेत, पण औषध वेळेत मिळायला हवं.

वर गेल्यावर

सकाळी लवकर चढा, ऊन तापायच्या आत उतरा. विजेची तार छपराजवळून जात असेल तर मेन स्विच बंद. बांबूची शिडी पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, उभी पसरून आढ्याला दोराने घट्ट बांधा आणि वावर तिच्यावरूनच करा. कंबरेलाही दोर हवा. पाय कौलावर ठेवावाच लागला तर खालच्या काठाशी ठेवा, जिथे कौलावर कौल येतं आणि खाली रीप असते. मधोमध कधीच नाही. मी एकदा ठेवला आणि पोटरीपर्यंतचा पाय स्वयंपाकघरात गेला. खाली आई पेज ढवळत होती. तिने आधी पेजेवर झाकण ठेवलं, मग माझी चौकशी केली.

सुरुवात झाडण्याने करा. दोन पाखे मिळतात तिथल्या पन्हळीत पाचोळा साचतो, पाणी तुंबून उलटं कौलांखाली शिरतं; निम्म्या गळती या एका झाडण्याने थांबतात. मग नैऋत्येकडचं पाखं घ्या, कारण वाऱ्याच्या पावसाची झड तिकडूनच येते. एखादंच कौल बदलायचं असेल तर त्याच्या वरचं आणि शेजारचं कौल लाकडी पाचर सारून थोडं उचला, फुटकं ओढून काढा, नवं सरकवा. त्याचं मागचं नाक रिपेत अडकल्याची खात्री करा. पट्टाच लावायचा असेल तर वळचणीकडून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेकडून, आढ्याकडे जा. बऱ्याच कौलांच्या नाकाला भोक असतं. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं त्यातून तार ओवून रिपेला बांधा. वारा आधी कडाच उचलतो.

कोन्यांना, म्हणजे आढ्यावरच्या कौलांना, तडे असतील तर वरून सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही. सुटलेला माल खरवडा, जागा कुंच्याने झाडून भिजवा, एकास चार सिमेंट-वाळूचा माल भरा आणि ओलं गोणपाट टाकून पाच-सहा दिवस ओलं ठेवा.

मग परीक्षा. एकाने खाली घरात थांबायचं, दुसऱ्याने नळी धरायची. पाणी वळचणीपासून सुरू करून ओळीओळीने वर न्यायचं, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि गळणारी ओळ कळत नाही.

छप्पर झालं की पागोळ्या पडतात तिथला चर साफ करून उतार विहिरीपासून लांब काढा. लाकडं, शेणी कोरड्यात टाका. पाऊस आत येऊ नये म्हणून पडवीला आडोसा बांधायचा तर मी अजून विणलेल्या झावळ्यांचे झापच बांधतो. झावळ्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजवल्या की वळताना मोडत नाहीत. ताडपत्री टिकते जास्त, पण रात्रभर फडफडून झोप उडवते.

पहिल्या वळवाला खडू घेऊन घरभर एक फेरी माराच. राहिलेली एखादी जागा तेव्हाच सापडते, म्हणून मृग लागेपर्यंत शिडी माळ्यावर टाकू नका.