क्लॅरिनेट-ट्रंपेटची जोडी बसवताना

शाळेच्या बँडमधल्या दोन मुलांसाठी जोडवादन लिहायचं असेल, तर आधी क्लॅरिनेट आणि ट्रंपेट घ्या. दोन्ही वाद्यं बी फ्लॅटची. लिहिलेला 'सी' ऐकू येतो बी फ्लॅट. दोघांनाही एकाच कागदावर बघून वाजवता येतं. आल्टो सॅक्सोफोन मात्र ई फ्लॅटचा. क्लॅरिनेटची ओळ 'सी मेजर' सप्तकात लिहिलेली असेल, तर सॅक्सोफोनला 'जी मेजर'मध्ये लिहून द्यावं लागतं.

खरी गोम क्लॅरिनेटच्या मधल्या 'ए'वरून स्वरलिपीच्या तिसऱ्या रेषेवरच्या 'बी'वर जाण्यात आहे. 'ए'ला एखादंच बोट लागतं. 'बी'ला सगळी भोकं एकदम झाकायची, वर अंगठ्याने रजिस्टर की, म्हणजे स्वर वर चढवणारी कळ. नवखं मूल तिथे हमखास चिरकतं. चाल तिथूनच जात असेल, तर मी ते दोन बार (स्वरलिपीतले तालाचे खण) सरळ ट्रंपेटला देऊन टाकतो. ट्रंपेटवाल्याचे ओठ लवकर थकतात, म्हणून दर आठ बारनंतर त्याला दोन बार विश्रांती. चौथ्या रेषेवरच्या 'डी'च्या वर नेत नाही. तेवढ्यात क्लॅरिनेटला खालच्या पट्टीत मोकळं वाजू द्यावं, तिथे त्याचा आवाज गोड लागतो.

सोबत साइड ड्रम असेल, तर चालीच्या फटींत त्यालाही बोलू द्या. नुसता ठेका धरायला बसवलेलं पोरगं दुसऱ्या तालमीला येत नाही.